काहीच न करणारे मर्व्ह

लोरेल हाबेलला लहानपणापासून एकच कुतूहल: समोरच्याच्या डोक्यात काय चाललंय? आई त्याला भोचकपणा म्हणायची. ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडचं विद्यापीठ त्याचाच पगार देऊ लागलं.

चित्रं लक्षात ठेवताना मेंदूचा आठवणींचा भाग किती जागा होतो, हे ती स्कॅनरमध्ये बघत होती. आत निजलेल्या माणसाला थोडा वेळ चित्रं, थोडा वेळ कोरा पडदा. कोरा पडदा म्हणजे विश्रांती. तिथून त्या भागाचा सिग्नल चित्रांना किती चढला ते मोजायचं. पण तो चढेचना! उलट कोऱ्या पडद्यालाच जरा वर.

"शुक्रवारपर्यंत काही दिसलं नाही, तर स्कॅनरची वेळ दुसऱ्या गटाला," तिच्या प्रोफेसरांनी सांगून टाकलं.

तेवढ्यात मर्व्ह नोस्के स्कॅनरमधून बाहेर आले. निवृत्त प्लंबर, प्रयोगासाठी हौसेने निजायला येणारे. लोरेलने चहा पुढे केला.

"मर्व्ह, कोऱ्या पडद्याला काय करत होतात?"

"काही नाही. तूच म्हणालीस, काही करू नका."

"तरी?"

"अगं पोरी, काहीच नाही! शनिवारी आमच्या बोल्स खेळायच्या क्लबात प्रत्येकानं खायला काहीतरी न्यायचंय. मागच्या खेपेला मी लॅमिंग्टन केक नेले, तर बेरिलचेही तेच. मग आठवत बसलो, कोणी काय आणलं होतं, कोण कुठे बसलं होतं, बेरिलनं कसं तोंड केलं..."

"आणि हे काहीच नाही?"

"मग? बोटसुद्धा हलवलं नाही!"

म्हणजे कोऱ्या पडद्याला आठवणींचा भाग कामालाच लागलेला! जमिनीऐवजी स्टुलापासून मुलाची उंची मोजावी आणि आकडा कमी आला म्हणून मुलाला बोल लावावा, तसं झालं होतं. खात्रीसाठी ती स्वतः आत निजली. कोरा पडदा दिसताच मनाने थेट बारोसा खोऱ्यातल्या आजोबांच्या द्राक्षमळ्यात पोहोचली.

मग तिने मर्व्हना कोऱ्या पडद्याऐवजी नुसते आकडे दाखवले: सम की विषम, बटण दाबा.

"काय हे रटाळ काम!" आतून मर्व्ह.

"रटाळच हवंय! आठवणींना सवड नको!"

आता चित्रं आली की सिग्नल टुणकन वर. पुढच्या माणसांचाही तसाच. शुक्रवारी प्रोफेसरांनी आलेख पाहिला. "स्कॅनरची वेळ तुझीच," म्हणाले.

मर्व्हना ही बातमी सांगितली, तर ते वैतागलेलेच.

"तुझ्या सम-विषमपायी शनिवारी काय न्यायचं ते ठरायचं राहिलं. तो कोरा पडदा दाखव ना जरा!"

लोरेलने त्यांना रिकाम्या भिंतीसमोर खुर्ची दिली आणि आणखी एक कप चहा.