गवत न जाळण्याचा सल्ला

आमचे हे काय करतात, असं कोणी विचारलं की मी सरळ सांगायचे, "गरीब देशांना शहाणपण शिकवतात." हे चिडायचे. "अगं, पर्यावरण आणि शाश्वत विकासाचा सल्लागार म्हण!" म्हटलं, तेच ते. मुलीचे दुधाचे दात पडले, तिचं कॉलेज झालं, लग्न ठरलं, आणि हे कायम कुठल्या तरी विमानतळावर. पण माणूस कामाला प्रामाणिक. कधी खोटं लिहिलं नाही. म्हणून तर जास्त लागतं मनाला.

एका डोंगराळ देशातले लोक दरवर्षी वाळलेलं गवत जाळायचे. यांनी सल्ला दिला, जाळणं बंद करा, धूर थांबेल, जंगल वाढेल. आता गंमत बघा. हे सल्लागार लोक जाणार कधी, तर रस्ते कोरडे असतात तेव्हा. म्हणजे नेमके जाळण्याच्या दिवसांत. मग दिसणार काय? धूरच की! त्यानंतर फुटणारं हिरवं गवत यांच्यापैकी एकानंही कधी पाहिलं नाही.

बंदी आली. यांचा तिथला दुभाष्या यांच्या शब्दाखातर स्वतःच्या गावात दारोदार फिरून लोकांना समजावत होता. जंगल खरंच वाढलं. यांचे सत्कार झाले. आणि झाडांखाली पाचोळा साठत राहिला, वर्षानुवर्षं, गुडघाभर. एका दुपारी तो पेटला. दुभाष्याचं अख्खं गाव गेलं, तोही गेला. बातमी कळल्यावर यांनी स्वतःचे जुने अहवाल काढून पुन्हा वाचले.

गेल्या वर्षी आणखी एका देशानं बोलावलं. गवत जाळणाऱ्याला तुरुंगात टाकायचा कायदा, आणि सह्यांच्या समारंभाला प्रमुख पाहुणे हे. डॉक्टरांनी तर यांना जिनासुद्धा चढू नका म्हणून बजावलेलं.

"डोकं फिरलंय का तुमचं? इथून कळवा की," मी म्हटलं.

"कळवलं. उत्तर आलं, तुमची वाट बघतोय. समोर उभं राहूनच सांगायला हवं गं. नाहीतर तिकडचीही गावं जळतील."

मग काय, औषधांची पिशवी घेऊन मीही निघाले.

सभागृह गच्च भरलेलं. यांनी काठी टेबलाला टेकवली आणि स्वच्छ सांगून टाकलं, "माझा सल्ला चुकला. त्यानं माणसं मेली. हा कायदा करू नका." मला इतका अभिमान आमच्या उभ्या संसारात वाटला नव्हता. आणि मग टाळ्या! लोक उठून उभे राहिले. यांचंच लिखाण वाचून शिकलेला तिथला सचिव माइकवर आला. म्हणाला, "एवढा मोठा माणूस, पण विनय बघा!" आणि आमच्या डोळ्यांदेखत सह्या झाल्या.

बाहेर तो सचिव मला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "मॅडम, सरांना जपा. वय झालं की असं होतं."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. "अहो, चांगले शुद्धीवर आहेत ते!" म्हटलं. पण ऐकतोय कोण?

परवा त्याच सचिवाचा फोन आला. कायदा लागू झाला, आणि त्याला यांचं नाव दिलंय म्हणे. मी समोरून हातवारे करतेय, झापा त्याला, चांगले खडे बोल सुनावा. हे फोन कानाला लावून नुसते बसलेले. मग आयुष्यभराच्या सवयीनं म्हणाले, "आभारी आहे."

फोन ठेवला आणि माझ्याकडे बघत राहिले.

"मी त्याचे आभार मानले गं," म्हणाले.