बर्वेकाकांच्या शेडचं छत

"छत गळतंय," बर्वेकाका फोनवर म्हणाले, "आणि शुक्रवारी ती ऑडिटर येतेय. तू आत्ता निघ."

मी इंग्लंडमध्ये मेडनहेडला राहते आणि बिल्डिंग सर्व्हेअर आहे. म्हणजे इमारतींची दुखणी शोधायची आणि मालकांना न आवडणारं काहीतरी सांगायचं. जवळच्या स्लाऊ गावातल्या ट्रेडिंग इस्टेटमध्ये, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, माझ्या चकरा नेहमीच्याच. बर्वेकाका आमच्या मराठी मंडळातले. रिटायर झाल्यावर त्यांनी आणि सुनंदाकाकूंनी तिथे एक स्टीलची शेड भाड्याने घेतली आणि भाजणी, मेतकूट करून विकायला सुरुवात केली. आता एक मोठं सुपरमार्केट ऑर्डर द्यायला तयार होतं, फक्त आधी त्यांची ऑडिटर जागा बघणार होती. पिठाच्या पिंपांवर छतातून पाणी ठिबकताना दिसलं की ऑर्डर गेलीच. त्या ऑर्डरच्या भरवशावर काकूंनी मंडळातल्या चार बायकांना कामावर घेतलं होतं. काकूंची झोप उडाली होती ती त्यांच्या काळजीने.

मी पोचले तेव्हा काका शिडीवरून उतरत होते, हातात सीलंटची गन. छतं दुरुस्त करणारा रूफर येऊन गेला होता. त्याचं म्हणणं, पत्र्यांचे जोड गेलेत, सगळ्या छताला नवं कोटिंग हवं, तोवर शेड रिकामी करा. काकांनी त्याला वाटेला लावलं आणि स्वतःच भोकं बुजवायला चढले. सत्तरीच्या माणसाने शिडीवर चढावं का, हा विषय त्यांच्याकडे निघत नाही.

मी वर पाहिलं. थेंब एका जागी नव्हते, पत्र्याच्या खालून सगळीकडे सारखे लटकत होते. मी विचारलं, शेवटचा पाऊस कधी झाला? काका बोटांवर दिवस मोजू लागले. तो आठवडाभर आभाळ लख्ख होतं आणि सकाळी गाड्यांवर दहिवर गोठत होतं. पाऊसच नाही तर छत गळेल कुठून?

स्टीलचा पत्रा बाहेरच्या थंडीने झटकन गार पडतो. आतली उबदार, दमट हवा वर जाऊन त्याला लागली की तिचं पाणी होतं. भाताच्या पातेल्यावरच्या झाकणाला आतून पाणी सुटतं, तसंच. इथे याला कंडेन्सेशन म्हणतात आणि दर हिवाळ्यात निम्मे लोक त्याला गळती समजतात. म्हणून अशा शेडला अगदी वर, मधोमध, हवा बाहेर जायला फट ठेवलेली असते.

"ती फट ना? ऑक्टोबरमध्येच फोम घालून पॅक केली," काका अभिमानाने म्हणाले. "शटरच्या खालची पण. थंडी आत येऊच द्यायची नाही. विंटरप्रूफ."

मी कपाळाला हात लावला. कारण त्या पॅक केलेल्या शेडमध्ये सिलिंडरवरचा गॅस हीटर धडधडत होता. माझा आवाज चढला. आधी हीटर बंद करायला लावला, शटर उघडायला लावलं. अशा बंद जागेत तो जळत ठेवला तर माणसं जिवाला मुकतात, आणि वर जळताना तो वाफही सोडतो. काका रुसले. मला त्याचं काही वाटलं नाही.

तरी हिशेब जुळेना. एवढं पाणी नुसत्या हीटरचं नव्हे. मागच्या बाजूला गेले आणि थांबले. जमिनीवर प्लॅस्टिक, त्यावर धुतलेल्या सुती चादरी, आणि चादरींवर तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, ज्वारी. सगळं ओलं. भाजणीचं धान्य धुऊन, कापडावर वाळवून मगच भाजायचं, हा काकूंचा नियम. उन्हाळ्यात शटर उघडं ठेवून भागायचं. हिवाळ्यात हीटर.

"काकू, यातलं पाणी कुठे जातं?"

"वाळून जातं."

"वाळून कुठे जातं?"

काकूंनी हळूच वर पाहिलं.

न धुता भाजणी करा, असं सुचवायची माझी हिंमत नव्हती. मग रूफरलाच परत बोलावून वरचा फोम काढून घेतला. इलेक्ट्रिशियनने एक्झॉस्ट फॅन बसवला, गॅसच्या जागी इलेक्ट्रिक हीटर आला. धान्याला मात्र वेगळी बंद खोली आणि हवेतलं पाणी ओढून घेणारा डीह्युमिडिफायर हवा होता. बंद होणारी खोली एकच, काकांचं ऑफिस.

"मग मी बसायचं कुठे?" काका म्हणाले.

"बसायचं कशाला?" काकू म्हणाल्या. "पाकिटं भरा."

शुक्रवारी कडक फ्रॉस्ट पडला. माझं तिथे काही काम नव्हतं, पण घरी चैन पडेना म्हणून गेले. ऑडिटर उंच, कमी बोलणारी बाई. तिने टॉर्च काढून छताचा कोपरान् कोपरा पाहिला. पत्रा कोरडा ठणठणीत. माझा जीव भांड्यात पडला. मग ती ऑफिसमध्ये शिरली आणि डीह्युमिडिफायरची काठोकाठ भरलेली बादली पाहून विचारू लागली, हे एवढं पाणी कसलं? काकांचा चेहरा पडला.

"इट यूज्ड टू लिव्ह अप देअर," काकू शांतपणे म्हणाल्या आणि छताकडे बोट दाखवलं.

बाई पहिल्यांदाच हसली. मग सगळं नीट विचारून घेतलं, मीही चार वाक्यं बोलले, आणि पुढच्या आठवड्यात ऑर्डर आली. बायका कामावर राहिल्या. काका अजून पाकिटं भरतात आणि ऑफिस परत मागतात.

हल्ली स्टीलच्या शेडचं छत गळतंय म्हणून कुणाचा फोन आला, की शिडी आणायच्या आधी मी विचारते, आत काय वाळत घातलंय?