एकेचाळीस नंबरची हजेरी

चन्नबसप्पाचा वाढदिवस एक जूनला येतो. सटवाजीचाही एक जूनलाच, संगमेश्वरचाही. शाळेत नाव घालताना हेडमास्तरांनी हीच तारीख लिहिली. खरी तारीख आयांना ठाऊक असेल. त्या आता नाहीत. त्यामुळे नांदेडच्या कॉलेजातून शहाऐंशी साली एकत्र बीए झालेली ही माणसं एकाच संध्याकाळी निवृत्त होणार होती.

चन्नबसप्पा मूळचा देगलूरचा. लातूरला पाटबंधारे खात्यात लिपिक. पस्तीस वर्षं एकाच खिडकीशी बसला. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं फार काही नाही. एवढंच, की जुन्या वर्गातल्या अकरा जणांचा मोबाइलवरचा ग्रुप तो चालवत असे.

सुरुवातीला त्या ग्रुपवर फुलं आणि सुविचार यायचे. मग एका एक जूनला सगळ्यांनी सगळ्यांना शुभेच्छा दिल्या. उदगीरच्या संगमेश्वरलाही, ‘शतायुषी हो’. चार दिवसांनी कळलं, तो नऊ मेलाच गेला होता. एकटाच राहायचा. मुलगी येऊन सगळं उरकून गेली होती. मेलेल्याला शंभर वर्षांचं आयुष्य मागितलं, हे चन्नबसप्पाच्या मनातून जाईना. त्यानं ठरवलं, यापुढे आपल्यातला एकही माणूस आपल्याला न कळता जाऊ द्यायचा नाही.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी सातला तो ग्रुपवर एकच शब्द टाकू लागला: हजेरी. आणि एकेक जण लिहायचा: हाय.

हा शब्द कॉलेजातला. पुण्याकडून नवीन आलेल्या सरांनी पहिल्या दिवशी नंबर पुकारले. एकेचाळीस नंबरला हिमायतनगरचा सटवाजी उठून म्हणाला, “हाय सर.”

“हाय काय? मी तुमचा दोस्त आहे का? उपस्थित म्हणा.”

“उपस्थित हाय सर.”

वर्ग हसला, आणि त्या दिवसापासून सगळेच मुद्दाम ‘हाय’ म्हणू लागले. चन्नबसप्पा आणि सटवाजी एकाच खोलीत राहायचे, गुरुद्वाऱ्याच्या लंगरात जेवायचे. वडिलांना देगलूरला समाधी दिली तेव्हा चन्नबसप्पा महिनाभर गावीच अडकला. परत आला तर त्याची हजेरी पूर्ण होती. सटवाजी रोज आवाज बदलून त्याच्या नावानं ‘हाय’ म्हणाला होता.

तो सटवाजी ग्रुपवर ‘हाय रे’ लिहायचा. दसऱ्यानंतर नुसतं ‘हाय’ येऊ लागलं, आणि पुढे हलणारा एक पिवळा हात. बुढा शिकला, असं चन्नबसप्पाला वाटलं. दोनदा फोन केला, उचलला नाही. पण सकाळी सातला हात हललाच. मग त्यानं पुन्हा फोन केला नाही.

एकतीस मेला ऑफिसनं शाल आणि नारळ दिला. सटवाजी झेडपीचा मास्तर, त्यालाही आजच मिळालं असेल. शाली बदलू, असं मनात म्हणत एक जूनच्या पहाटे त्यानं लातूरहून नांदेडची गाडी धरली. सात वाजता गाडीतच हजेरी टाकली. एकेचाळीस नंबरचं ‘हाय’ लगेच आलं. येत असल्याचं त्यानं मुद्दामच सांगितलं नाही.

नांदेडला गाडी बदलून दुपारी हिमायतनगरला उतरला आणि घर विचारत गेला. दारात सून उभी होती. साक्षी. तिच्या लग्नाला तो आला होता.

“सटवाजी हाय का?”

ती बघतच राहिली. “काका, मामा न्हाईत ना.”

“कुठं गेला भर दुपारी?”

तिनं पदर तोंडाला लावला. मग भिंतीकडे पाहिल्यावर त्याला कळलं. फोटो होता. हार वाळून दोऱ्याला चिकटला होता.

“दसऱ्यानंतर चवथ्या दिवशी. शाळेतच चक्कर आली.”

“पण रोज तर...” त्यानं फोन पुढे केला. हात शहाण्यासारखा हलत होता.

“म्याच करत होते, काका. गॅसचा नंबर त्याच फोनवर हाय म्हणून चालू ठेवला. तुम्ही सगळे रोज सकाळी हाय-हाय करून राहिले. म्हणलं, मामाचे एवढे दोस्त हाय करतेत, जवाब न देनं बरं दिसत न्हाई.”

“फोन का उचलला नाही?”

“काय बोलू, काका? बोलले असते तर रडू आलं असतं. हाय म्हणाया सोपं होतं.”

तिच्या फोनमध्ये ‘हाय’ म्हणजे नमस्कार होता. चन्नबसप्पाच्या फोनमध्ये ‘हाय’ म्हणजे जिवंत आहे. आठ महिने तो एका मेलेल्या माणसाची हजेरी लावत आला होता. हे तिला सांगायला त्यानं तोंड उघडलं. तिनं चहा पुढे केला. तो प्यायला. शाल फोटोखाली ठेवली आणि निघाला.

परतीच्या गाडीत त्याला रडू आलं नाही. आठ महिन्यांपूर्वी यायला हवं होतं ते.

दोन जूनला सकाळी सातला बोटानं सवयीनं लिहिलं: हजेरी. एकेक ‘हाय’ उतरू लागलं. नववं आलं ते हात हलवत. तिला थांबवायचं राहूनच गेलं होतं. उरलेल्या आठांकडे तो बघत बसला. यातल्या कुणाचा आवाज शेवटचा कधी ऐकला? त्यानं लातुरातल्याच रामकिशनला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. मिनिटभरानं ग्रुपवर रामकिशनच्या नावानं पुन्हा एकदा आलं: हाय.

त्यानं फोन उपडा ठेवला. दहावा तो स्वतः. त्याची हजेरी अजून राहिली होती.

महादेवी चहा घेऊन आली. “टाकलं का तुमचं हाय?” बायकोच्या आवाजात रोजची थट्टा होती.

“तूच टाक,” तो म्हणाला.