झिऱ्यावरचा मोह

लातूर नुकतंच जिल्ह्याचं ठिकाण झालं होतं. कचेरीच्या पाटीचा रंगही अजून नवा होता आणि पाण्याचा मात्र सगळीकडे खडखडाट. अशा फाल्गुनात आम्ही कचेरीतले सात जण श्रमदानाला इस्लापूरकडे निघालो. वादळाने तिथल्या रानातली झाडं आडवी केली होती आणि त्यांच्याखाली एका वाडीचा झिरा (वाळूत पाझरणारं पाणी) दबला होता.

नांदेडला एस.टी. बदलली. भोकर मागे पडलं तसं काळं शिवार सरून सागाचं निष्पर्ण रान लागलं. पुढे पायी चालताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. सुतळीने बांधून रेटत राहिलो.

दुपारपर्यंत सागाची खोडं ओढून झाली. राहिला थेट झिऱ्यावर कलंडलेला जुना मोह. करवत लावणार, तोच घागर घेऊन बसलेली एक म्हातारी उठली.

"ह्याला कापू नका, भाऊ."

"मावशी, पाणी याच्याच खाली आहे ना?"

"हाव. पर मुळं बघा की. निम्मी मातीतच हायेत. जित्ता हाय त्यो."

तिचं नाव सगुणाबाई. मोहफुलं वेचताना तान्ह्या लेकीची झोळी ती याच झाडाच्या फांदीला बांधायची. यंदा पाण्यापायी लेक-जावई निजामाबादकडे कामाला गेले होते.

"ती आल्यावर हा नसला, तर लई रडंल वो."

आमच्यासोबत आलेले वनरक्षक घड्याळ बघू लागले. आम्हीही थकलो होतो. खरं तर मलाही कापून मोकळं व्हायचं होतं, पण तोंडून निघालं, "नुसत्या फांद्या उतरवू."

त्यात दोन तास गेले. खोडाखालून वाकून जाण्यापुरती वाट केली, उघड्या मुळांवर माती ओढली. सगुणाबाईने फडक्यातली भाकरी आणि अंबाडीची भाजी आमच्यापुढे ठेवली. "दमून राहिले तुम्ही. खा."

झिरा उपसला. पाणी निवळल्यावर पहिली घागर बायांनी तिलाच भरू दिली. तिने ती तशीच नेऊन मोहाच्या मुळाशी ओतली आणि रिकामी घागर घेऊन रांगेच्या शेवटी उभी राहिली.

रांगेतल्या पहिल्या बाईने मागे येऊन तिचा हात धरला आणि तिला आपल्या जागी उभं केलं.

लातूरला पोचलो तेव्हा तळहातांवर फोड आले होते. बायकोने त्यांना खोबरेल लावत विचारलं, "किती झाडं तोडलीत?"

आकडा सांगता आला असता. मी मात्र तिला न तोडलेल्या झाडाबद्दलच सांगत बसलो.