गोगलगायींचं वय

शालन गेल्याचं तिच्या भावाने, बाळारामने, फोन करून सांगितलं. "मॅडम, ताई गेली... सकाळीच," एवढंच म्हणाला. त्याला आता महिना होत आला. मुरबाडच्या कॉलेजात ती प्राणिशास्त्र शिकवायची, मी मराठी. मी शहापूरहून यायचे, ती धसईहून. डबा मात्र वर्षानुवर्षं एकत्र खाल्ला, तोही प्रयोगशाळेत, कारण गोगलगायींना सोडून स्टाफरूममध्ये बसणं तिच्या जिवावर यायचं.

भातखाचरात सापडतात त्या साध्या पाणगोगलगायी. पीएचडीसाठी तिने त्यांचं म्हातारपण निवडलं होतं. काही कोमट पाण्याच्या काचटाक्यांत, काही ओलं गोणपाट गुंडाळलेल्या माठांत. कोमट पाण्यातल्या भराभर वाढायच्या, लवकर अंडी घालायच्या आणि लवकर मरायच्या. गार पाण्यातल्या सावकाश जगायच्या. कारण विचारलं तेव्हा तिने मला समजेल असं सांगितलं. घेतलेला ऑक्सिजन वापरताना शरीरात थोडे घातक कण तयार होतात, ते पेशींना इजा करतात आणि शरीर ती दुरुस्त करत राहतं. गोगलगायीला स्वतःची ऊब नसते; पाणी तापलं की तीही तापते, शरीराचं काम वेगाने चालतं आणि दुरुस्ती मागे पडते. याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. हा ताण कमी करतील अशी जीवनसत्त्वं तिने काही गोगलगायींना खाद्यातून दिली. त्या जास्त जगतील अशी तिला खात्री होती. त्या इतरांबरोबरच मेल्या... ज्या सरांच्या हाताखाली ती काम करायची त्यांनी तो भाग प्रबंधातून गाळायला सुचवलं. तिने तो ठेवला. प्रबंध रेंगाळला, पण तिला डॉक्टरेट मिळाली.

बाळारामचं धसईच्या बाजारात किराणा दुकान. बहीण डॉक्टर झाली याचा अभिमान तिच्यापेक्षा त्यालाच जास्त. पुढे त्याने वय थोपवणारी म्हणून कुठलीशी पावडर विकायला आणली, आणि पाकिटावर चिकटवलेल्या कागदावर हिचं नाव छापलं. तिला ते एका विद्यार्थिनीकडून कळलं. त्या दिवशी मी तिच्यासोबत धसईला गेले. बाजाराचा दिवस होता, दुकानापुढे गर्दी होती. हिने पाकीट उचललं आणि गिऱ्हाइकांना सांगायला सुरुवात केली की हे नाव माझं आहे आणि मी असं काही म्हटलेलं नाही.

बाळाराम हळूच म्हणाला, "ताई, आतमधी ये. घरात बोलू."

"आत बोलले तर या लोकांना कसं कळंल?"

गुडघ्यांसाठी पावडर घेतलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "म्हंजे म्हातारपन जानार नाय?"

"नाय बाबा. माझ्या गोगलगायींचंही गेलं नाय."

लोक हसले. बाळाराम हसला नाही. पावडर त्याने बंद केली, आणि बहिणीशी बोलणंही. भाऊबीजेला ती दरवर्षी त्याच्या घरी जायची. तो नेमका बाहेर गेलेला असायचा. वहिनीच्या हातचा चहा पिऊन ती परत यायची. मला वाटायचं, चारचौघांत बोलायला नको होतं. तसं मी एकदा म्हटलंही. तिने ऐकून घेतलं, बदललं काही नाही.

निवृत्तीनंतर यकृताचा आजार निघाला. भेटायला येणारा प्रत्येक जण काही ना काही आणायचा, काढे, चूर्ण, कुणाच्या गावची मुळी. एका दुपारी मी तिथे असताना बाळाराम आला, रिकाम्या हाताने. दारातच उभा राहून म्हणाला, "काय आनू तेच कळंना, ताई."

"काय नको आनू. बस."

तो बसला. तेव्हापासून शेवटपर्यंत कल्याणच्या दवाखान्यात तिला तोच नेत-आणत होता. वय कुणासाठी थांबत नाही हे तिने आयुष्यभर अभ्यासलं होतं. स्वतःच्या बाबतीत ते मान्य करायला तिला त्रास झाला नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. शेवटी ती फार रडली होती.

गेल्या आठवड्यात धसईला गेले. दुकानात एक बाई बाळारामला आईसाठी ताकदीचं काहीतरी मागत होती. त्याने फळीकडे वळूनही पाहिलं नाही. "मला म्हाईत नाय गो," तो म्हणाला, "डॉक्टरला इचार." वर्गात एखाद्या प्रश्नाचं उत्तर येत नसलं की शालन असंच म्हणायची, 'मला माहीत नाही,' आणि जराही न अडखळता... बाळाराम तिच्या वर्गात कधी बसला नव्हता.