लाटण्याचा टेकू

त्या अंकलचं नाव मी विचारलं नाही, पण त्यांचा अंगठा अजून डोळ्यांसमोर आहे.

सिंगापूरमधल्या बुओना व्हिस्टाच्या आमच्या जुन्या, भाड्याच्या घरातली एक खिडकी वर सरकवली की वर राहायचीच नाही, धाडकन खाली यायची. आई गेल्यापासून मी त्या खिडकीला आईच्याच लाटण्याचा टेकू दिला होता. पोळ्या लाटतंय कोण! बाबा आणि मी हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या गाळ्यांवरचं आणून मुकाट्याने जेवत होतो.

घरमालकिणीने पाठवलेले हे म्हातारे चिनी अंकल बूट दाराबाहेर काढून आत आले. त्यांनी चौकटीच्या कडेची फळी काढली. आत खिडकीला तोलून धरणारी दोरी तुटून तिचं लोखंडी वजन तळाला पडलं होतं. ते उचलून त्यांनी सरळ बाबांच्या हातात दिलं.

"धरा जरा. खाली ठेवू नका."

नवी दोरी ओवून होईपर्यंत बाबा ते वजन पोटाशी धरून उभे राहिले.

खिडकी अलगद वर गेली आणि तिथेच थांबली. मग अंकलनी लाटणं उचललं. त्याच्या टोकाला खिडकीने खाच पाडली होती. दुखऱ्या जागेवरून फिरवावा तसा त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला.

"हे स्वयंपाकाचं ना?"

"आईचं आहे. ती गेली."

त्यांनी लाटणं माझ्या हातात दिलं.

"मग त्याच्यावर खिडकीचा भार कशाला, गर्ल? त्याला त्याचं काम करू दे."

ते गेल्यावर मी लाटणं ड्रॉवरमध्ये ठेवायला निघाले. बाबांनी ते माझ्या हातून घेतलं आणि नळाखाली धुतलं.

"कणीक आहे का गं घरात?"