अपडेट बंद करणारा ओबिरी

आमच्या तेचिमान गावच्या बाजारात ओबिरीच्या दुकानावर पाटी आहे, ‘देवाची वेळ हीच खरी वेळ : छपाई आणि कॉम्प्युटर दुरुस्ती’. भिंतीच्या अलीकडे माझं शिवणकाम, पलीकडे त्याचं दुकान, आणि दोघांचंही पोट मेलेल्यांवर. मी मयताला जाणाऱ्यांचे काळे-तांबडे कपडे शिवते, तो मयताची पोस्टरं आणि पुस्तिका छापतो. बरेच दिवस गावात कुणी गेलं नाही की आम्ही एकमेकांकडे बघत बसतो, पण मनातलं बोलत कुणी नाही.

ओबिरीचं नाव झालं ते मात्र वेगळ्याच कामावर. तो लोकांच्या कॉम्प्युटरवरचं अपडेट बंद करून द्यायचा. आमच्याकडे डेटा घ्यायचा तो चिमूट चिमूट, आणि लॅपटॉप नेटला जोडला रे जोडला की हे अपडेट गुपचूप सगळा डेटा गिळून मोकळं. त्यात मध्येच दिवे गेले, की मशीन डोळेच उघडत नाही. हेडमास्तरांचं ऐन निकालाच्या आठवड्यात असं झालं, तेव्हापासून हेडमास्तर, चर्चचे कारकून, महिला मंडळाची अध्यक्षीणबाई, सगळे ओबिरीच्या दारात. तो आत कुठेतरी दोन खटके दाबायचा आणि म्हणायचा, आता जन्मात त्रास नाही. लोक त्याला डॉक्टर म्हणायला लागले. मग त्यानं चष्माही घेतला, नंबर नसताना.

स्वतःच्या मशीनवर अपडेटची सूचना आली की तो न वाचताच ‘नंतर’ दाबायचा. एक दिवस मात्र पडदाभर मोठ्या अक्षरांत सूचना आली की ही आवृत्ती फार जुनी झाली, हिला यापुढे सुरक्षेची डागडुजी मिळणार नाही, नवीन आवृत्ती घ्या. ओबिरीनं काय करावं? दुकानांच्या अख्ख्या ओळीला बाटलीतलं थंडगार, गोड माल्ट पाजलं.

"सुटलो, ताई. आता कंपनीवालेच म्हणतात, अपडेट पुन्हा येणार नाही."

मी म्हटलं, अरे बाबा, राखणदार नोकरी सोडून निघाला तर कुणी मेजवानी देतं का? तर मला म्हणतो, जुनं ते सोनं. मी माल्ट पिऊन टाकलं. फुकटचं का सोडा?

त्याची आई, एनो पोकुआ, मोठी खमकी बाई. आपल्या मयताच्या पोस्टरवर कुठला फोटो लागणार हे तिनं जिवंतपणीच ठरवून ठेवलेलं. खास त्यासाठी सणासुदीचं रंगीत केंटे वस्त्र नेसून, गळ्यात सोन्याचे मणी घालून ती ओबिरीच्या दुकानात बसली आणि चक्क हसली. त्या बाईला हसताना मी तेवढंच पाहिलं. झंपर मीच शिवला होता. बाजाराच्या दिवशी ती हटकून यायची, मशीनवर तो फोटो उघडायला लावायची, डोळे भरून बघायची आणि म्हणायची, एक छापून दे रे. ओबिरीचं उत्तर ठरलेलं, देतो आई, नंतर. कधी शाई संपलेली, कधी गिऱ्हाईक खोळंबलेलं.

"तुझं नंतर आणि माझं मरण," ती एकदा म्हणाली, "बघू कोण आधी येतं."

मरण आधी आलं.

कुळातले मोठे म्हणून ओबिरीच्या मामा दोन्कोरनी मयतासाठी महिन्याभरानंतरचा शनिवार ठरवला. तोवर एनो शवागारात. पुस्तिकेसाठी मुलांची श्रद्धांजली, नातवंडांची, चर्चची, महिला मंडळाची, शाळेची, हे सगळं लागतंच. ज्यानं त्यानं ती आपापल्या मशीनवर लिहायची आणि एकच पेनड्राइव्ह दारोदार फिरवून गोळा करायची, ही आमची रीत. मामांनी पेनड्राइव्ह कापडाच्या टोकाला गाठ मारून स्वतः फिरवला. हेडमास्तरांकडून कारकुनाकडे, कारकुनाकडून अध्यक्षीणबाईंकडे. ही सगळी मशीनं डॉक्टर ओबिरीनंच बरी केलेली. त्यातल्या कुणाला रोग होता देव जाणे. हेडमास्तरांचं केव्हाचं कण्हत होतं म्हणे, पण मशीन कण्हलं तर कोण विचारतो?

मयत दोन दिवसांवर आलं तेव्हा मामांनी पेनड्राइव्ह आणून दिला. ओबिरीनं तो लावला, आणि थोड्या वेळानं पडदा लाल झाला. सगळ्या फायलींना कुलूप. किल्ली हवी तर पैसे पाठवा, असं कुणा परक्या चोरानं लिहिलेलं. ओबिरीनं घाईघाईनं हार्ड डिस्कचा वेगळा डबा उघडला, ज्यात तो सगळ्याच्या प्रती ठेवायचा. पण तो डबा बारा महिने त्याच मशीनला जोडलेला. त्यालाही कुलूप. कॅमेऱ्यातलं कार्ड तर कधीच पुसून पुन्हा वापरलेलं.

भिंतीपलीकडची खटखट थांबली म्हणून मी डोकावले. तो खाली बसला होता.

"ताई, आई गेली."

"अरे, महिना होत आला की."

"नाही," तो म्हणाला, "आत्ता गेली."

चिडवायला तोंडावर आलेलं सगळं मी गिळलं.

ओबिरीनं कुमासी शहरातल्या एका जाणकाराला फोन लावला. तो म्हणाला, कुलूप काही निघायचं नाही. आणि हा चोर ज्या भोकातून शिरला ते बुजवणारं अपडेट दोन वर्षांपूर्वीच आलं होतं, फुकट. फोनचा आवाज मोठा होता, मामांनी सगळं ऐकलं.

"म्हणजे औषध घरपोच येत होतं," मामा म्हणाले, "आणि तू गावभर दारांना आतून कड्या लावत फिरलास."

ओबिरीनं चष्मा काढून खिशात टाकला.

पण चेहऱ्याशिवाय पोस्टर लावायचं कसं? लोक विचारतील, पुरताय कुणाला? घरात एनोचा दुसरा एकच फोटो निघाला, मतदार कार्डावरचा, नखाएवढा. तो कुमासीला पाठवून पुरुषभर मोठा करून आणला. कार्डाच्या रांगेत त्या दिवशी तिच्यामागे मीच होते. सकाळपासून उन्हात उभी राहून ती टेबलाशी पोचली, तर तिथला माणूस म्हणाला, आजी, नंतर या. एनोनं त्याच्याकडे जे बघितलं, ते बघून त्यानं मुकाट्यानं फोटो काढला. तोच हा फोटो. मयताला आलेले कुजबुजत होते, म्हातारी एवढी कुणावर चिडलीय? मी सांगितलं नाही. ओबिरीलाही विचारावं लागलं नाही.

पोस्टर अजून माझ्या बाहेर उघडणाऱ्या दारावर आहे, दार उघडलं की बरोबर त्याच्या खुर्चीसमोर येतं. त्यानं नवीन आवृत्तीचं मशीन घेतलंय, आणि घरोघर जाऊन स्वतःच्या डेटावर लोकांच्या कड्या काढतोय. लोक वैतागतात. डॉक्टर म्हणणं तर केव्हाच सोडलं. परवा हेडमास्तर प्रश्नपत्रिका छापायला आले, दारात गाडी चालू ठेवून, आणि नेमकी मशीनवर सूचना आली. ओबिरीनं छपाई थांबवून अपडेट लावलं.

"अहो, शाळा भरलीय माझी," हेडमास्तर म्हणाले. "हे नंतर करा की."

ओबिरीनं मान वर न करता माझ्या दाराकडे बोट दाखवलं.

"तिला विचारा."

हेडमास्तरांनी वळून एनो पोकुआच्या तोंडाकडे पाहिलं. मग बाहेर जाऊन त्यांनी गाडी बंद केली आणि बाकावर येऊन बसले.